आतोबा आणि पोकळ जमीन

पायाखालच्या जमिनीवर माझ्या आतोबांइतका अविश्वास असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि त्याच जमिनीवर इतका जीव लावणाराही नसेल. सरकारी भूशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी उभी हयात मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांत रांगत काढली. निवृत्त होऊन कोलकात्यात बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तरी मनाने ते अजून तळघरातच असतात. फुटपाथवर चार पावलं टाकली की थांबायचं, छत्रीचं टोक आपटायचं, कान द्यायचा आणि मगच पाचवं पाऊल. त्यांच्याबरोबर एस्प्लनेडच्या बाजारात मोजे आणायला निघालं, तर पोचेपर्यंत दुकान बंद झालेलं असतं.

शिकवण्याचा सोस तर असा की विचारू नका. माझं लग्न झाल्यावर आत्याने आम्हां दोघांना जेवायला बोलावलं, तेव्हा आतोबांनी नव्या सुनेपुढे काचेचा वाडगा ठेवला. तळाशी साखरेच्या वड्या, वर रव्याचा जाड थर. मग कडेकडेने चमच्याने गरम पाणी सोडू लागले. "पावसाचं पाणी मातीतून जाताना किंचित आंबट होतं. चुनखडीत झिरपतं, खडक विरघळवतं, खाली गुहा होते. छत पातळ होत जातं, पण वरून काही म्हणजे काही दिसत नाही! वर गुरं चरतात, माणसं लग्नं लावतात, आणि एक दिवस..." रवा मधोमध खचला. "विवर!" आतोबांनी टाळी वाजवली.

"शिऱ्याचा रवा होता तो," आत्या म्हणाली.

गेल्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा मांडव सोसायटीमागच्या मैदानात उभा राहणार होता. आदल्या दिवशी आतोबांनी छत्री आपटली आणि जाहीर केलं, "खाली पोकळ आहे. पोरांना इथे बसवायचं नाही."

आमचे अध्यक्ष नुकतेच पुण्याहून बदलून आलेले बँक अधिकारी. ते म्हणाले, "काका, कोलकात्यात चुनखडी कुठली?"

"चुनखडी नाही, पण जुनं विटांचं गटार आहे. ते फुटलं की माती आत वाहून जाते आणि वर नुसतं छत उरतं."

मांडववाल्याने तिथे दोन उड्या मारून दाखवल्या. "माटी तो खूब शोक्तो, दादू!" म्हणजे जमीन चांगली टणक आहे, आजोबा.

आतोबांनी त्याच जागी खुर्ची मांडली आणि बसले. "पडलो तर मी पडेन." जेवायलाही उठले नाहीत, आत्याने डबा आणून दिला. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा धीर सुटला आणि मांडव पलीकडच्या टोकाला गेला. आतोबा उठले, रिकामी खुर्ची मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलं पलीकडे अथर्वशीर्ष म्हणत असताना धप्प झालं. वळून पाहतो तर खुर्ची नाही! तिच्या जागी पुरुषभर खोल खड्डा. अध्यक्षांनीच "गणपती बाप्पा मोरया!" अशी आरोळी ठोकली. मांडववाल्याने आतोबांचे पाय धरले, बायकांनी त्यांना ओवाळलं, आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवलं. वरूनही ते ओरडत होते, "काठापासून लांब व्हा रे!" माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.

खाली उतरवल्यावर त्यांनी हळूच माझा हात धरला. डोळे भरले होते. "चाळीस वर्षं मी खड्डा पडल्यावर जाऊन लोकांना कारण समजावलं. पडायच्या आधी माझं कुणी ऐकलं, ते आज पहिल्यांदाच."

आम्ही ऐकलं नव्हतं, वाद घालून दमलो म्हणून मांडव हलवला होता. हे त्यांना सांगायला माझी जीभ अजून रेटलेली नाही.