धुराला वाट

ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की धार गावातल्या आमच्या घराचं बिनखिडकीचं स्वयंपाकघर आठवतं. मी लहान असताना एका आषाढात माझी तान्ही बहीण धुरानं खोकून खोकून निळी पडली. आईनं तिला माझ्या हाती दिलं, पहार उचलली आणि चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर घाव घातला.

आजोबा ओरडले, "सूनबाई, रस्त्यावरून चूल दिसेल! लोक काय म्हणतील?"

आई त्यांच्यापुढे कधी बोलत नसे. पण त्या दिवशी ती म्हणाली, "दिसू द्या, मामंजी. माझी पोर जगली पाहिजे."

भोक पडलं, धूर बाहेर गेला. बहीण वाचली. आजोबांनी दोनदा ते बुजवलं, आईनं दोनदा फोडलं.

तेव्हा मी भीतीनं रडले होते. आता वाटतं, एक घाव मीही घालायला हवा होता.