पदकांचा अर्ज वाचताना

कचेरीच्या भिंतीलगत बसून मी अर्ज लिहितो. माझ्या मसुद्यात साहेबांनाही चूक सापडत नाही. सहीपूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवणे हा माझा शिरस्ता आहे.

काल सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार आबा आले. त्यांच्या सेवापुस्तकात दोन पदके नोंदवायची राहिली होती, आणि गावात सैनिकांसाठी उभारलेल्या कमानीवर त्यांच्या नावापुढे पुस्तकात असतील तेवढीच पदके कोरणार होते.

मी पदकांची नावे वाचू लागताच आबा काठी बाजूला ठेवून ताठ उभे राहिले.

"बसा आबा, साधा अर्ज आहे."

"तुम्ही वाचा हो. ती पदके टपालाने आली होती. त्यांची नावे मोठ्याने कोणी वाचलीच नाहीत."

मला काही वाटले नाही. इतके अर्ज लिहिल्यावर वाटणे उरत नाही. मात्र 'आपला नम्र' वाचून संपले, तेव्हा मीही उभा होतो.