काठावरचा कोन

कलशेट्टी सर गेल्याची बातमी मला दोन तास उशिरा कळली. दहावीची घटक चाचणी सुरू होती, मी वर्गावर पर्यवेक्षणाला होते आणि फोन स्टाफरूमच्या कपाटात होता. हा नियम सरांनीच घालून दिलेला. बाईंचं लक्ष फोनमध्ये असलं की पोरांचं लक्ष शेजारच्याच्या पेपरात जातं, असं ते म्हणायचे. पेपर गोळा करून खाली आले तर कितीतरी कॉल येऊन गेलेले. काही सरांच्या घरून आणि बाकीचे दुधनीहून, महानंदाचे. मी आधी महानंदालाच लावला. ती म्हणाली, “बाई, सर गेले ओ. परवा तर फोनवर चांगले बोलले...” मी तशीच बाकावर बसून राहिले. हातात पोरांच्या उत्तरपत्रिका होत्या. रडू तेव्हा आलं नाही, ते संध्याकाळी घरी कणीक मळताना आलं.

त्याला आता महिना होऊन गेला. बाजारात, बसस्टॉपवर सरांचे जुने विद्यार्थी भेटतात आणि सगळे एकच सांगतात, सर फळ्यावर हात न थांबवता वर्तुळ काढायचे. खरंच काढायचे. खांद्यातून एकदा हात फिरवला की वर्तुळ पुरं. मग एक पाऊल मागे सरकून स्वतःच त्याच्याकडे बघत उभे राहायचे, आणि त्यांना त्याचा गर्व होता हेही सांगून टाकते. मेलेल्या माणसाविषयी फक्त गोडगोड लिहायचं ही पद्धत मला जमत नाही आणि सरांनाही ती आवडली नसती. मला आज त्यांच्या एका चुकीविषयी लिहायचं आहे. माझ्या लेखी त्या चुकीनंतर ते जसे वागले, त्यातच ते सगळे आले.

मी शाळेत लागले तेव्हा सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. माणूस अक्कलकोटकडचा. घरात कानडी, वर्गात मराठी, आणि राग आला की परत कानडी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा शर्ट, बाहीला खडू. मी आमच्या घरातली पहिली शिक्षिका, बी.एड. नुकतं झालेलं, त्यामुळे जगाला शिकवायला निघालेली. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून विचारलं, “कांबळे बाई, वर्तुळ काढता येतं का?” मी म्हटलं, कंपास आहे की. त्यांना ते उत्तर आवडलं नाही, आणि त्यांना आवडलं नाही हे मला आवडलं. अशी आमची सुरुवात.

वर्तुळाचा धडा हा सरांचा हुकमी एक्का. वर्तुळाच्या काठावर दोन बिंदू घ्या. त्यांच्यापासून दोन रेघा केंद्राकडे नेल्या की तिथे होतो तो केंद्रीय कोन. त्याच दोन बिंदूंपासून रेघा काठावरच्याच तिसऱ्या बिंदूला नेल्या की तो अंतर्लिखित कोन. कोनाचं टोक कुठं बसलंय एवढंच बघायचं, मध्यावर का काठावर. आणि मग सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायचं, “मधला दुप्पट, काठावरचा निम्मा!” शेजारच्या वर्गात इतिहास चालू असला तरी भिंतीतून हे ऐकू यायचं. फक्त सरांची एक खोड होती. आकृती कायम तीच. काठावरचे दोन बिंदू खाली, केंद्र मध्ये आणि तिसरा बिंदू थेट वर. वर्षानुवर्षं तीच आकृती, तोच उतार. तिसरा बिंदू कधी खाली, त्या दोघांच्या मधल्या छोट्या कंसावर आला तर काय होतं, हे सर कधी काढून दाखवत नसत. माहीत नव्हतं असं नाही. हाताला सवय नव्हती.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला जुन्या पूर्वपरीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा दिला, सरावाला. पूर्वी स्टेन्सिल कापून पेपर निघायचे, तेव्हाचे, शाई पसरलेले. समासात सरांच्या अक्षरात उत्तरं. एका पेपरात ही आकृती होती. केंद्राशी एकशे चाळीस अंश, काठावरचा कोन काढा, तीन गुण. समासात लिहिलेलं, सत्तर. पण आकृती सरांची नव्हती. पानावर जागा कमी पडली म्हणून ऑफिसातल्या क्लार्कने स्टेन्सिलवर ती आपल्या सोयीने बसवली होती, आणि तिसरा बिंदू त्याने खाली, छोट्या कंसावर टाकला होता. बिंदू तिथे गेला की काठावरचा कोन मोठ्या बाजूचा कंस धरतो. तो दोनशे वीस अंशांचा. त्याचा निम्मा एकशे दहा. मी पेपर घेऊन सरांपुढे गेले आणि म्हटलं, “सर, हे उत्तर चुकलंय.” खरं सांगते, मला त्या क्षणी फार आनंद झाला होता. सर आधी चिडले, तीस वर्षं शिकवतोय बाई, म्हणाले. मग चष्मा लावून बघितलं. चष्मा काढून बघितलं. समोरचा चहा निवून गेला. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणजे दुधनीच्या पोरीचं बरोबर होतं...”

ती दुधनीची पोरगी म्हणजे महानंदा. माझ्या आधी दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत होती, सोलापुरात मामाकडे राहून शिकायची. त्या पूर्वपरीक्षेत अख्ख्या वर्गाने सत्तर लिहिलं होतं, कारण अख्ख्या वर्गाला मधला दुप्पट, काठावरचा निम्मा पाठ होतं. आकृतीकडे बघून उत्तर लिहिलं ते एकटीने. पेपर वाटल्यावर ती उभी राहून म्हणाली होती, सर, बिंदू खाली हाय. सरांनी आकृतीकडे न बघताच तिला खाली बसवलं आणि वर्ग हसला. गणितात ती दोन गुणांनी गेली. तिचे वडील भेटायला आले, किराणा दुकानदार, त्यांनी एवढंच विचारलं की पोरीला गणित जमंल का? सर म्हणाले, “नाही आप्पा. मधला कोन कुठला आणि काठावरचा कुठला, तेही तिला ओळखता येत नाही.” आप्पा त्याच आठवड्यात तिला अंथरुणासकट घरी घेऊन गेले. बोर्डाला ती बसलीच नाही. हे सगळं सरांना शब्दन् शब्द आठवत होतं. तेव्हाच कुठंतरी काहीतरी टोचलं असेल, नाहीतर एवढ्या पोरांतली एक कोण कशाला लक्षात ठेवेल?

“रविवारी दुधनीला जायचंय,” सर म्हणाले. “तुम्ही चला बाई. मला एकट्याला जमणार नाही.” आम्ही पॅसेंजरने गेलो. महानंदाचं माहेर आणि सासर दोन्ही दुधनीतच, एका गल्लीच्या अंतरावर. ती दारातच दिसली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, कडेवर मूल. क्षणभर बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “सर? तुमी हितं? बर्री, बर्री, आत या.” सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. खिशातून तो पेपर काढून तिच्यापुढे धरला. तिने एकदाच बघितलं. “एकशे दहा,” ती म्हणाली. सर म्हणाले, “तुझं बरोबर होतं, महानंदा. माझं चुकलं.” मला वाटलं ती रडेल, निदान हसेल तरी. ती मुलाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, “मला तवाच म्हाईत हुतं, सर. आप्पांना बी सांगिटलं हुतं. आप्पा म्हनले, सर चुकतील व्हय?”

सर तसेच उठले आणि तिला घेऊन आप्पांच्या दुकानात गेले. मागोमाग मी. दोन्ही हात जोडून म्हणाले, आप्पा, तुमच्या पोरीचं उत्तर बरोबर होतं, मी चुकीचं सांगितलं. आणि पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आप्पांनी विश्वासच ठेवला नाही. गडबडीने सरांचे हात धरून म्हणाले, “असं म्हनू नका सर. तुमी मोठ्या मनाचे हाय. पोरीला बरं वाटावं म्हनून म्हनताय. आमाला कळतंय की.” महानंदा दाराला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हे तिला नवीन नव्हतं. ज्या शब्दाने तिची शाळा सुटली, तो शब्द आता सरांना स्वतःलासुद्धा मागे घेता येत नव्हता. मला सरांची दया आली, आणि तिच्यासाठी त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

सरांनी दुकानातून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “आप्पा, घरात कडक भाकरी आहे का?” आपल्याकडे ती असतेच, पातळ, गोल, महिनाभर टिकणारी. भाकरी आली. सरांनी ती दुकानाच्या फळीवर ठेवली, मधोमध बोटाने खूण केली आणि पुड्या बांधायचा दोरा मागून घेतला. काठावर दोन ठिकाणी शेंगदाणे ठेवले. तिथून मध्यावर दोरा. “हा मधला कोन, आप्पा. टोक मध्यावर बसलंय.” मग त्याच शेंगदाण्यांपासून दुसरा दोरा, समोरच्या लांबच्या काठावर. “हा काठावरचा. आता ही काडेपेटी घ्या. तिचा कोपरा या कोनात बसवून बघा.” आप्पांनी बसवला. कोपरा मावेना. “अरुंद हाय,” ते म्हणाले. “आता पेपरातलं चित्र बघा,” सर म्हणाले, आणि दोऱ्याचं टोक उचलून अलीकडच्या काठावर, दोन शेंगदाण्यांच्या मध्ये आणून ठेवलं. आप्पांनी परत काडेपेटी लावली. या वेळी कोपरा आत बसला आणि बाजूला फट राहिली. त्यांनी ती काढून पुन्हा लावली. शाळा दुसरीपर्यंत, पण जन्म मोजण्यात गेलेला माणूस.

“हा तर पसरट हाय की,” ते म्हणाले. सर म्हणाले, “काडेपेटीचा कोपरा नव्वदचा. महानंदानं एकशे दहा लिहिलं होतं.”

“आनि तुमी?”

“सत्तर.”

गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. आप्पा लेकीकडे वळले आणि कानडीत म्हणाले, “निंदु खरे ऐति, अव्वा.” तुझंच खरं होतं, बाई... महानंदा तिथून निघून आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

जाताना सरांनी तिला विचारलं, सतरा नंबरचा फॉर्म भरू का, बाहेरून दहावीला बस. ती म्हणाली, “परीक्षा नको सर. एकशे दहा घेऊन आता कुटं जाऊ मी?” सरांची मान खाली गेली. मग तीच म्हणाली, “पन त्या पुस्तकातलं पुडचं ऱ्हायलं की माजं. ते सांगा.” आणि सर ते सांगायला जात राहिले. निवृत्तीनंतर तर जवळपास दर रविवारी. ना परीक्षा, ना फी, ना प्रमाणपत्र. आप्पा दुकानात, हे दोघं मागच्या खोलीत, आणि महानंदाची सासू अधूनमधून डोकावून हे काय चाललंय म्हणून बघणार. चक्रीय चौकोनाचा धडा झाला त्या सोमवारी सर मुद्दाम शाळेत आले. स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच सांगत होते. वर्तुळात बसवलेल्या चौकोनाचे समोरासमोरचे कोन मिळून एकशे ऐंशी होतात, हे तिला शिकवलं, तर म्हणाली, “म्हंजे सर, तुमचं सत्तर आनि माजं एकशे दहा एकमेकांच्या समोरच बसले हुते की!” एवढं खुश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. वर्तुळ जमल्यावरही नाही.

पुस्तक संपायला दोन वर्षं लागली. नंतरही फोन चालू राहिले, तिचं मूल शाळेत गेलं, आप्पा थकले, सरांना दम लागायला लागला. मी तिला एकदा विचारलं होतं, राग गेला का गं? ती म्हणाली, “समदा न्हाय गेला, बाई. पन सर यायचे त्या दिवशी आटवायचा न्हाय.” हे मी सरांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, त्यांना खोट्या माफीपेक्षा ते जास्त आवडलं असतं.

परवा महानंदा सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला सोलापुरात आली, मी तिला घेऊन सरांच्या घरी गेले. काकूंनी त्यांची खोली उघडली. टेबलावर गुणांचं एक जुनं रजिस्टर होतं, कोपरे कुरतडलेलं. शाळेने रद्दी काढली तेव्हा सरांनी एवढंच मागून आणलं होतं म्हणे, आणि काकूंना त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. महानंदाने पान शोधलं. तिच्या नावापुढचा जुना आकडा एका रेघेने खोडलेला, त्याच्यावर तीन गुण वाढवून नवीन आकडा, आणि शेरा, ‘उत्तीर्ण. तपासणाऱ्याची चूक.’ खाली सरांची पूर्ण सही आणि आम्ही दुधनीहून परत आलो त्या दिवसाची तारीख. सत्तर लिहिलेल्या बाकी कुणाचे गुण त्यांनी कापले नव्हते.

महानंदाने त्या सहीवर बोट ठेवलं. मग सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, वर्गात बोलावं तशी म्हणाली, “पास झाले हुते तर सांगायचं न्हाय व्हय, सर?”