मीच नापास केलेल्या विहिरी

दिल्लीहून देशाच्या संशोधन-प्राधान्यांची नवी यादी आली, की आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत एकच धांदल उडायची. काम बदलायचं नाही, शीर्षक बदलायचं. रामटेककडच्या धानाच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी आम्ही दर महिन्याला टेप सोडून मोजायचो. यादीत जलसुरक्षा असली की ते काम जलसुरक्षेत बसायचं, हवामानबदल आला की तिकडे. देव तोच, नुसती वस्त्रं बदलायची, असं मी हाताखालच्या संशोधिकेला मोठ्या हौसेनं शिकवलं. यादी करणाऱ्यांवर माझा राग नाही. एवढ्या मोठ्या देशात आधी काय आणि नंतर काय, हे कुणीतरी ठरवायलाच हवं.

मी निवृत्त झालो, विहिरी तिच्याकडे गेल्या आणि मी दिल्लीच्या एका छाननी समितीवर. प्रस्ताव यायचे ते नावं-गावं झाकून. यंदा यादीत अग्रमान कृत्रिम बुद्धिमत्तेला. एक प्रस्ताव वाचता वाचता माझं डोकंच फिरलं. पानोपानी त्याच बुद्धिमत्तेचे भारदस्त शब्द, जमिनीवरचं काम कुठं दिसेना. मी शेरा मारला, 'शब्दांचा फुलोरा फार. यांनी कधी चिखलात पाय घातलेला दिसत नाही.' गुणही हात आखडूनच दिले.

दोन महिन्यांनी ती घरी आली. प्रस्ताव नामंजूर होऊन विहिरींचा प्रकल्प बंद पडला होता.

"काहून नाकारलं, समजूनच नाही राहिलं सर," म्हणत तिनं मोबाइलवर शेरा दाखवला. वाक्य माझंच होतं. पावसाळाभर बांधांवरून फिरून तिच्या पायांना झालेल्या चिखल्या मी स्वतः पाहिल्या होत्या.

"हे मीच लिहिलं वं," मी म्हणालो.

तिनं मोबाइल पालथा ठेवला. चहावर साय धरली.

"कामाले नवे कपडे घालाले तुम्हीच शिकवलं, सर. अन् तुम्हीच नाही ओळखलं."

मला फार लाज वाटली. पुढच्या यादीत बसवू, मी लिहून देतो, असं काहीबाही बोलू लागलो. तिनं अडवलं.

"ते होईन तवा होईन. या महिन्याचं पाणी मोजाचं राह्यलं आहे. प्रकल्पाचा टेप स्टोअरमध्ये जमा झाला. तुमचा जुना आहे न?"

निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी हौसेनं मला दिलेला तो टेप शोकेसमध्ये होता. काढून तिच्या हातात दिला आणि उद्या मीही आलो तर चालेल का, असं विचारलं.

"या," ती म्हणाली. "चप्पल जुनी घाला."