पाया पडताना

दिवाळीच्या पाडव्याला मूर्तिजापुरात मोठ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, पाया पडलो आणि माझी बोटं ओली झाली. पू होता.

"मोठे बाबा, पायाले काय झालं?"

"कोनाच्या?" त्यांनी विचारलं.

अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. चपलेतून वर आलेला खिळा टोचत होता, तो अजून तिथंच. त्या खिळ्यावर हा माणूस पंधरा दिवस बाजारात फिरला.

"दुखत तं नाई ना बे! दुखलं असतं तं डॉक्टरकडं गेलो नसतो काय?"

बारा वर्षांच्या शुगरनं पायाची जाणीवच खाल्ली होती, आणि असं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे मीसुद्धा. दोनच महिन्यांपूर्वी तिथल्याच समाजमंदिरात मी शुगरचं शिबिर घेतलं होतं. मोठ्या बाबांनी आधी दोन दिवस गोड चहा बंद ठेवला. शिबिर आलं की आमच्याकडे सगळेच ठेवतात. आकडा चांगला आला. आम्ही टाळ्या वाजवल्या! चपला दाराबाहेर, सगळे अनवाणी, आणि तीन तास समोर असलेल्या पायांकडे एकानंही वाकून बघितलं नाही. बोट टोचा, आकडा लिहा, पुढचा.

शिबिरात वाटलेलं पत्रकही माझंच. 'क्वचित डोळे, मूत्रपिंड, पाय यांवर परिणाम होतो.' लोक उगाच घाबरतील, असं शिबिराच्या समितीतले डॉक्टर म्हणाले आणि मी मुकाट 'क्वचित' टाकलं.

अकोल्याला मोठ्या बाबांना भरती केलं. शेजारच्या खाटेवर अचलपूरचे बांगडीवाले चाचा. एक पाय गुडघ्याखाली नाही, आता डायलिसिस. समोर वरूडची बाई, तिला एका डोळ्यानं दिसत नाही. सगळे शुगरचे. चाचांनी माझ्या पिशवीतलं पत्रक वाचलं आणि ओरडले, "बेटा, ये क्वचित कौन है? इस वार्ड में तो भरती नहीं हुआ!"

वार्ड हसला. मला समितीतल्या डॉक्टरची कॉलर धरून त्याला तिथं उभं करावंसं वाटलं. आणि त्याच्या शेजारी मला.

मोठ्या बाबांची दोन बोटं कापली. पाऊल वाचलं, सध्या तरी.

आता आमच्या शिबिरात आधी पाय बघतो. मी खाली बसतो, म्हातारे लाजतात. "पोराच्या तोंडासमोर पाय कसा करू?" परवा एकानं असंच म्हटलं. पहिल्या खुर्चीवरून मोठ्या बाबांनी तीन बोटांचं पाऊल पुढं केलं.

"मायाकडं पाह्य अन् कर पाय वर. लाजून राह्यला मोठा!"