मशीनवरचे तीस

धारच्या दप्तरदारांकडे नृसिंह जयंतीच्या हाराचा मान होता. संस्थानाच्या काळात कुणा पूर्वजाने दप्तर सांभाळलं, त्याचं बक्षीस म्हणून जमीन मिळाली आणि हा मान मिळाला. जमीन केव्हाच गेली, मान तेवढा उरला. बदनावरच्या बाजूला बेचाळीस किलोमीटरवर एक लहानसं गाव आहे. तिथल्या नृसिंहाला जन्माच्या वेळी, म्हणजे सूर्य बुडताना, दप्तरदारांच्या घरचा तुळशीचा हार पडायचा. तो हार इंजिनाच्या गाडीतून न्यायचा नाही, एवढा एकच नियम होता. आधी घोड्यावरून जायचा, मग पायी, आणि ऋजुताच्या वडिलांच्या वेळेपासून सायकलवरून.

वडील गेले तेव्हा भाऊ भास्कर देवासला नोकरीत होता. त्याला सायकलवर बसून वीस वर्षं झाली होती. तेव्हा ऋजुता म्हणाली, मी नेते. ती शाळेत गणित शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं, वय अडतीस. चुलत घराण्यातला पीयूष देवळातच म्हणाला, "बाईमाणसाने हार न्यायचा हे कुठे ऐकलंय का?" पुजारीबुवांनी तोड काढली. ताई नेतील, पण ज्या वर्षी जन्माला हार पोचला नाही, त्या वर्षापासून मान पीयूषकडे. ऋजुताने सगळ्यांदेखत हो म्हटलं.

चार वर्षं तिने हार पोचवला. घरचा नैवेद्य झाला की अक्का, म्हणजे तिची आत्या, हार ओवायला बसायच्या. तो करंडीत ठेवून, ओलं फडकं घालून, एक वाजता ती निघायची. दोन ठिकाणी झाडाखाली टेकत टेकत पाचच्या आत पोचायची. चौथ्या वर्षी मात्र उन्हाने घात केला. हार वेळेवर पडला, पण परतताना ती रस्त्याच्या कडेला भोवळ येऊन पडली आणि दोन दिवस सलाईनवर होती. डॉक्टरांनी बजावलं, दुपारचं ऊन आता बंद.

भास्कर घाबरला. त्याने देवासहून एक मशीन आणलं. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं, ते एका रुळावर फिरतं. सायकल जागच्या जागी, आणि समोर पडद्यावर वेग दिसतो.

"घरातल्या घरात सराव कर," तो म्हणाला. "दम वाढला की संध्याकाळी पाचला निघालीस तरी पोचशील. ऊन नाही न् काही नाही."

ऋजुता रोज संध्याकाळी तासभर मशीनवर बसू लागली. समोर टेबलफॅन, कानाला विष्णुसहस्रनाम. आधी वेग बावीस दिसायचा. रुळाची घरघर अक्कांच्या जपात येऊ लागली, तेव्हा भास्करने रूळ दाबणारा स्क्रू थोडा सैल केला. आवाज कमी झाला, आणि वेग सव्वीस झाला. माघात अठ्ठावीस, फाल्गुनात तीस. ती गणिताची बाई. बेचाळीस भागिले तीस, एक तास चोवीस मिनिटं. पाचला निघालं तर साडेसहाच्या आत देवळात, आणि सूर्य बुडतो सातला. पाढा पाठ असल्यासारखं ती हे गणित मनात घोळवायची.

सायकलवाल्या संताजीकडे ती चेन बदलायला गेली, तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

"संताजी, तीसने चालवते मी आता. तास तासभर."

"कुठे? सडकेवर?"

"मशीनवर."

तो हसला नाही, हेच तिला जास्त लागलं. हात पुसत म्हणाला, "ताई, गलत मत समझना. मशीनवर चाक फिरतं, तुम्ही कुठे फिरता? सडकेवर स्वतःचं वजन ओढायचं, सायकलचं ओढायचं, आणि वर वारा. वैशाखातला पश्चिमेचा वारा मशीनवर कुठून आणणार? तीसचे वीस समजा. वारा तोंडावर असला तर अठरा."

"तू बस मग मशीनवर, बघू किती येतात," ती म्हणाली आणि चेनचे पैसे देऊन निघून आली.

पण शंका घर करून राहिली. एका रविवारी संध्याकाळी तिने सायकल काढली. बदनावरच्या रस्त्याला डंपर फार, म्हणून उलट दिशेला, इंदूरच्या बाजूला गेली. पाच किलोमीटर सत्तावीसच्या वेगाने गेले. परतताना सतरा आले. ती मनाला म्हणाली, दमले असेन, रहदारीही होती. जाताना वारा पाठीवर होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण आवडलेला आकडा सोडवत नाही माणसाला.

जयंतीच्या दिवशी चारलाच अक्का म्हणाल्या, "निघ गं आता. ऊन कललंय."

"अक्का, पाचला निघाले तरी अर्धा तास आधी पोचते. उगाच ऊन कशाला?"

"तुझे वडील एकला निघत."

"त्यांच्याकडे मशीन नव्हतं."

अक्कांनी फडकं भिजवून हारावर घातलं आणि करंडीला हळदकुंकू लावलं. बरोबर पाचला ऋजुताने पायडल मारलं.

गाव संपलं आणि वारा समोर आला. झुळूक नव्हती ती, भिंत होती. गरम, धुळीची, एकसारखी. हँडलवरच्या मीटरमध्ये सतरा. ती वाकली, जोर लावला, एकोणीस. मिनिटभर टिकलं आणि पुन्हा सतरा. कॅरियरवरची करंडी वाऱ्याने डोलत होती. सहा वाजले तेव्हा अठरा किलोमीटर झाले होते. चोवीस उरले होते. आता भागाकार करायची गरज नव्हती, तरी तिने केला. सातला सहा किलोमीटर कमी पडत होते.

तिने नाव घ्यायला सुरुवात केली. नृसिंहा, वारा पाड. वारा पडला नाही. देवाने का पाडावा? त्याने काही तिला पाचला निघ म्हणून सांगितलं नव्हतं.

तिसाव्या किलोमीटरवर मागून भास्करची गाडी आली. तो बायको नेहाला घेऊन जन्मालाच चालला होता. काच खाली करून तो शेजारी शेजारी चालवू लागला.

"ताई, पावणेसात होत आले. बस गाडीत. गावाच्या अलीकडे उतरवतो, कुणाला कळतंय?"

"पुढे हो."

"अगं, मान जाईल."

"गाडीत बसले की गेलाच ना तो? तू पुढे हो भास्कर, धूळ उडतेय."

नेहा हळूच म्हणाली, "चला ना. त्यांना अजून कशाला बोलायला लावता?" गाडी पुढे गेली.

ती पोचली तेव्हा सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. पाळणा होऊन गेला होता, सुंठवड्याची पानं वाटणं चाललं होतं. देवाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, बाजारातला, जरीची फीत लावलेला.

पुजारीबुवा ओशाळून पुढे आले. "ताई, पाच मिनिटं थांबलो असतो. पण जन्म काही थांबत नाही."

"नाही ना," ती म्हणाली.

तुळशीचा हार त्यांनी घेतला आणि झेंडूच्या हाराखाली, देवाच्या पायाशी ठेवला. ऋजुताने नमस्कार केला. देवाकडे तिची तक्रार नव्हती. त्याला कुणाचा हार आधी पडला याचं काय? मोजणारी माणसं मागे उभी होती.

पीयूष मात्र गोड बोलला. "ताई, पाणी घे आधी. केवढी दमलीस. आम्ही आपला एक हार जवळ ठेवला होता, न जाणो म्हणून. बघ, उपयोगी पडला की नाही?"

"घरी ओवलेला नाही हा."

"आता कोण ओवत बसतं? पुढच्या वर्षी मी सकाळीच निघेन. आदल्या रात्री बाजारातून हार घ्यायचा, सायकलवर टाकायचा, अकराला हजर. तुम्ही लोकांनी उगाच अवघड करून ठेवलंय." मग बाहेर सायकलकडे बघत म्हणाला, "करंडी तेवढी राहू दे इथेच. मानाची आहे ना."

भास्कर मध्ये पडला, "पीयूषभिया, करंडी आमच्या घरची आहे."

"राहू दे," ऋजुता म्हणाली. बाहेर येऊन तिने कॅरियरची दोरी सोडली. घामाने गाठ आवळली होती, दातांनी ओढावी लागली. करंडी रिकामी होती, तरी पीयूषने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली, सगळ्यांना दिसेल अशी.

सायकल गाडीच्या टपावर बांधता बांधता भास्कर म्हणाला, "मशीनमध्येच काहीतरी गडबड असणार. मी दुकानदाराला विचारतो. एवढा फरक कसा पडेल?"

"मशीन बरोबर आहे," ऋजुता म्हणाली.

"मग?"

संताजीने सांगितलं होतं, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती मागच्या सीटवर बसली. नेहाने तिच्या हातात सुंठवड्याचं पान ठेवलं. भास्करने काचा वर केल्या, एसी लावला. आता वारा पाठीमागून होता आणि गाडी ऐंशीने धारकडे निघाली.

"गार लागतंय ना, ताई?" त्याने आरशात बघत विचारलं.

"हो," ती म्हणाली.