शेजारणीचा विस्तव

अंजनगावाजवळच्या त्या खेड्यात मी पुण्याकडून मास्तर म्हणून आलो. रोज सकाळी गोवरीवर विस्तव मागायला येणारी शेजारची म्हातारी सोडली, तर माझ्याशी कोणी बोलत नसे. गावानं ज्वारी सोडून सगळ्या रानात कापूस पेरला आणि पुढच्या साली भाव कोसळला. मग तीही येईनाशी झाली. माझं काय चुकलं, म्हणून मी आठवडाभर धुमसत राहिलो. समोर दिसली तरी तोंड फिरवलं. एका सकाळी माझीच चूल विझली. रागातच गोवरी घेऊन तिच्या दारात गेलो.

"इस्तो कुठून देऊ, मास्तर?" ती म्हणाली. "शिजवाले काई असन तं चूल पेटवू ना."

माझ्या घरी ज्वारीचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं, आणि आठवडाभर रुसलो होतो मी.